समूळ

अहमदपूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. वहिनींनाही सांग. सुगतची परीक्षा जवळ आली, त्याला म्हणावं मोबाइल आईच्या ताब्यात दे. इकडे आमच्या साहेबरावांना एसटी डेपोत सकाळची ड्यूटी लागली आहे. बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्यात आणि थंडी बऱ्यापैकी आहे. खुशालीचं एवढंच.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. परवा फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू दिलं नाहीस. पत्राला मध्येच "तू ऐक माझं" म्हणता येत नाही. शिवाय मी रोज डायरी लिहिणारी बाई. समोर माणूस असला की त्याला बरं वाटेल ते बोलून जाते. माझं खरं काय ते पेन हातात आल्यावरच मला कळतं.

तुला सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि पहिलाच तुकडा "डोक्यात गाठ" हा होता. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

दिवाळीनंतर एक दिवस शकिला शाळेत आली. बसस्टँडमागे तिचं पिको-फॉलचं दुकान आहे, मुलगी तूबा माझ्या पहिलीच्या वर्गात. दारातच उभी राहिली.

"मॅडम, राग मानू नका, पण एक विचारायचंय."

"विचारा की."

"तूबा म्हणती, बाई मला बोलूच देत न्हाईत. हात वर केला, वरडून सांगितलं, तरी तिकडच्याच पोरांकडं बघतात. आमच्या नावामुळं हाय का काही? असंल तर सीधं सांगा. मी दुसऱ्या शाळेत घालते."

दादा, हे मला! आपल्याला शाळेत कुठे बसवत होते ते तू विसरला नसशील. मी जरा तोऱ्यातच बोलले तिच्याशी, सगळी मुलं मला सारखी वगैरे. ती "हाव, बरं" म्हणून निघून गेली. तिला पटलं नव्हतं. संध्याकाळी लिहायला बसले तेव्हा मलाही पटेना. तूबाला मी शेवटचं कधी विचारलं? त्या अख्ख्या रांगेतल्या कुणाला तरी? आठवेना. मनात काहीतरी असावं आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नसावा, असं होतं की माणसाचं. मी स्वतःची फार वाईट उलटतपासणी घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या रांगांची अदलाबदल केली. तूबाची रांग उजवीकडे आणली, उजवीकडची डावीकडे नेली. तर तूबा नुसती चिवचिव करतेय, आणि इतके दिवस वर्ग डोक्यावर घेणारी पोरं चिडीचूप! माझ्या डावीकडे जो बसेल तो मुका होत होता. दोष माझ्या मनात नव्हता, कानात होता. मला त्या क्षणी आनंद झाला रे. बहिरी असेन, पण तसली नाही, याचा आनंद. तो फार टिकला नाही, पण झाला होता हे लिहून ठेवते.

शकिलाला दुकानात जाऊन सांगितलं. आधी ती पोट धरून हसली, मग शिवणाची मशीन थांबवून म्हणाली, "आता हसायचं न्हाई मॅडम. लातूरला जाऊन दाखवा."

इथल्या डॉक्टरांनी आधी मळ काढला, थेंब दिले, वयाचं आहे म्हणाले. लातुरात काचेच्या खोलीत बसवून कानात आवाज सोडले. डाव्या कानाला आवाज येत होता, शब्द कळत नव्हता. कुणीतरी पाण्याच्या टाकीत तोंड घालून बोलावं तसं. तिथले डॉक्टर म्हणाले, एकाच कानाचं आहे आणि शब्दच जातायत, म्हणजे नस बघावी लागेल. मग एमआरआय, आणि मग मेंदूच्या सर्जन डॉ. सिंधू बिडवे.

पुढचं तुझ्या देखतच झालं. "कॅन्सर नाही. साधी गाठ आहे," त्या म्हणाल्या. "पण जागा साधी नाही." कवटीच्या तळाशी, ऐकण्याची नस मेंदूकडे जाते त्या वाटेवर. लाखात एखाद्याला होते म्हणाल्या, तर तू म्हणालास, "लाखात एक बहीण म्हनत होतो, घ्या आता." मीच हसले फक्त. लहान असती तर नुसती नजर ठेवली असती किंवा किरण दिले असते, पण ती वाढून मेंदूच्या देठाला टेकली आहे, काढावीच लागेल. डावा कान वाचणार नाही. आणि खरी अडचण पुढेच आहे: चेहरा हलवणारी नस त्या गाठीला खेटून, ताणून, पापुद्र्यासारखी पसरलेली असते. बहुतेक वेळा ती सुटी करता येते. चिकटलेली निघाली तर दोन वाटा. सगळी गाठ खरवडून काढायची आणि चेहऱ्याचं जे होईल ते होऊ द्यायचं. नाहीतर नसेवर एक पातळ साल राहू द्यायची आणि दरवर्षी तपासत राहायचं.

मी तोंड उघडायच्या आत तू बोललास. घरी येऊन जसंच्या तसं लिहून ठेवलं: "मॅडम, मी भूकरमापक हाय. जिंदगीभर मोजण्या केल्या. अतिक्रमण काढायचं तर पायासकट उकरावं लागतंय. अर्धं ठेवलं की वर्षात परत भिंत उभी राहती. समूळ काढा."

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. मी तुझ्याकडे बघत होते. तू पाण्याच्या बाटलीचं झाकण सारखं काढत-लावत होतास, म्हणून मी तुला तिथे खोडलं नाही.

परवा फोनवर पुन्हा विचारलंस, "समूळच सांगितलंस ना त्यांला?" ऑपरेशनच्या आधी मी डॉक्टरांशी एकदा निवांत बोलणार आहे. तू काळजी करू नकोस.

तुझी धाकटी,
लुंबिनी


अहमदपूर
९ मार्च २०२५

प्रिय दादा,

जयभीम. अक्षर वाकडं आलं आहे, पण वाचता येतंय ना? जरा जास्त वेळ मान खाली घातली की खोली फिरते. परवापासून भिंतीला हात न लावता न्हाणीपर्यंत जाते. साहेबराव मागून डेपोतल्यासारखे हात करतात, येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या. हसू आलं की टाके ओढतात.

तू हॉस्पिटलच्या जिन्यात इतके दिवस झोपलास, डबे आणलेस, नर्सबाईंशी भांडलास, मग त्यांनाच चहा पाजलास. हे मी विसरणार नाही. पुढे आपलं काहीही झालं तरी विसरणार नाही. हे वाक्य आत्ताच का लिहिलं, ते विचारू नकोस.

तब्येतीचं सांगते. डावा कान पूर्ण गेला. गंमत म्हणजे त्यात रातकिडा मात्र जिवंत आहे, अखंड किर्र करतो. डावा डोळा मिटतो पण उशिरा, म्हणून थेंब आणि झोपताना पट्टी. ओठाचा डावा कोपरा जरा आळशी झाला आहे. चहा पिताना एखादा घोट हनुवटीवर येतो. डॉक्टर म्हणतात, नस जिवंत आहे, दुखावली आहे, काही महिन्यांत पुष्कळ सुधारेल.

शेजारच्या धोंडामावशींना हे कोण सांगणार! त्या परवा टोपलीखाली झाकून पांढरं कबूतर घेऊन आल्या.

"लकव्यावर याच्याशिवाय दुसरं औषध न्हाई बघ. ताजं रगत चोळायचं गालाला."

"मावशी, कबुतराला लकवा झाला तर त्याला कुणाचं रगत लावायचं?"

"शिकलेल्या बायांचं तोंड वाकडं झालं तरी चालतंय लईच," म्हणाल्या आणि बसल्या. तासभर बसल्या. कबूतर आमच्या ज्वारीवर ताव मारून, टोपलीसकट परत गेलं.

वहिनी फोनवर सांगत होत्या, तू हदगावला ऑफिसात पेढे वाटलेस. मग विहारातही वाटलेस. "बहिणीची गाठ मुळासकट निघाली" असं सगळ्यांना सांगतोस म्हणे. दादा, पेढे जरा कमी वाट. तुलाही साखर आहे.

अतिदक्षता विभागात तू माझ्या कानाशी, चुकून डाव्याच, वाकून काहीतरी विचारलंस. ऐकू आलं नाही, पण तुझ्या ओठांवरून कळलं: सगळी निघाली ना? माझी मान हलली. मी हलवली, की खोली फिरत होती म्हणून हलली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रोज एकदा ठरवायचा प्रयत्न करते.

जून उजाडेपर्यंत रजा आहे. तपासणीचा एमआरआय जुलैत. नांदेडला करू, तुला जवळ पडेल.

तुझी,
लुंबिनी


अहमदपूर
३ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

जयभीम. इकडे आम्ही बरे आहोत. तू बरा नाहीस, हे वहिनींकडून कळलं.

नांदेडच्या बसस्टँडवर जे झालं त्याला आता तीन आठवडे होतील. रिपोर्टचं पाकीट तूच फोडलंस. उभ्या उभ्या वाचलंस, नसेवर गाठीचा पातळ थर शिल्लक आहे. आणि भर स्टँडवर ओरडलास, "त्या डाक्टरनीवर केस करतो! पैसे घेऊन अर्धं काम!" लोक बघायला लागले. मी म्हणाले, "दादा, तिनं ठेवली न्हाई. मी ठेवायला सांगितली." तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी तुझ्या पायाखालची मोजणीची साखळी ओढून घेतली. मग हदगावच्या गाडीत चढून बसलास. खिडकीतून बघितलंही नाहीस. तेव्हापासून फोन नाही.

काल वहिनी म्हणाल्या, तू डॉ. बिडवेंविरुद्ध अर्ज तयार केला आहेस. त्यात माझं नाव पीडित म्हणून घातलं आहेस. पुढच्या सोमवारी तो आरोग्य खात्याच्या साहेबांकडे घेऊन जाणार आहेस.

तर आता नीट वाच.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तू जेवायला खाली गेलास तेव्हा डॉक्टर आल्या. मी साहेबरावांनाही बाहेर थांबायला सांगितलं. ते जाताना एवढंच म्हणाले, "डोकं तुझं, सही तुझी." मग मी विचारलं, नस चिकटलेली निघाली तर तुम्ही काय कराल? त्या म्हणाल्या, तुमच्या भावाने सांगितलंय समूळ. मी म्हणाले, डोकं भावाचं नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, ऑपरेशन चालू असताना चेहऱ्याच्या नसेला जरा धक्का लागला तरी यंत्र आवाज करतं, त्यावरून कळतं कुठे थांबायचं. साल राहिली तर बहुतेकांची वाढत नाही, काहींची वाढते. वाढली तर किरण, तेही नाही जमलं तर पुन्हा ऑपरेशन. काही लपवलं नाही. "विचार करा, सकाळी सांगा," म्हणाल्या. मी म्हणाले, विचार जानेवारीपासून झालाय. यंत्र ओरडलं की थांबा. तसं कागदावर लिहून घ्या, मी सही करते. त्यांनी लिहिलं, मी सही केली.

दुसऱ्या दिवशी यंत्र ओरडलं. त्या थांबल्या. याला तू अर्धं काम म्हणतोस. मी याला शब्द पाळणं म्हणते.

तुझ्यापासून लपवलं, हे चूक. ऑपरेशनच्या आधी सांगितलं असतं तर तू मला पटवलं असतंस. मला पटत नसताना पटवलं असतंस. ते तुला जमतं आणि मला थांबवता येत नाही. नंतर पेढे खाल्ले गेले होते. भित्रेपणा होता तो, आणि तो माझा आहे. पण लपवणं चुकलं म्हणून ठरवणं चुकलं, असं होत नाही. ही दोन खाती मी वेगळी ठेवणार आहे.

चेहऱ्यासाठी जीव पणाला लावला, असं तू वहिनींना म्हणालास. मीही हे स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे, तुझ्यापेक्षा वाईट शब्दांत. उत्तर असं आहे. डोळा मिटला नाही तर बुबुळ सुकतं, एक कान गेलाच होता, एक डोळाही गेला असता. आणि मी पहिलीला शिकवते. पोरं प, फ, ब माझ्या तोंडाकडे बघून शिकतात. जूनमध्ये नवीन वर्ग आला. महिन्याभराने मुख्याध्यापक वर्गात आले आणि घाबरले: तीसच्या तीस पोरं ओठाचा डावा कोपरा खाली ओढून "प" म्हणत होती. पोरांना वाटलं, प असाच असतो! मी हसून हसून खुर्चीत बसले, पोरंही तशीच वाकडी हसली. आता मी आधी त्यांना शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लावते. एवढीशी नस दुखावली तर हे. ती तुटली असती तर मी कुठल्या तोंडाने शिकवलं असतं?

आणि आरशासाठीही, हो. तेही कारण आहे, आणि ते मी शेवटी लपवून लिहीत नाही, इथेच लिहिते. पंचेचाळिशीतल्या बाईला चेहरा लागत नाही, हे कुणी ठरवलं?

आता जे मी दोन्ही पत्रांत टाळलं ते.

तुझ्या डोक्यात माझी गाठ नाही. तुझ्या डोक्यात आई आहे. सरजाबाईची गाठ. तिच्या छातीतली काढली आणि "थोडं राहिलं होतं", म्हणून ती गेली. तेव्हापासून आपल्या घरात गाठ म्हटलं की एकच. तू बाटलीचं झाकण का काढत-लावत होतास ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण दादा, तिची गाठ वेगळ्या जातीची होती. ती अंगभर पसरणारी. माझी जिथल्या तिथे बसते. अतिक्रमण करणारा माणूस रागाने परत भिंत घालतो, गाठीला राग नसतो.

आणि आईचं मला आठवतं ते मागे राहिलेली गाठ नाही. मला आठवतं ते दार. डॉक्टर दाराबाहेर बोलायचे, बापू दाराबाहेर, तू दाराबाहेर, मीही. आत ती एकटी. तिला कुणी सांगितलं नाही की तिला काय झालंय. ड्रेसिंग बदलताना तिने मला विचारलं, "लुंबे, माझ्यातलं काय काढलं गं?" मी सांगितलं, गळू होतं. तसंच सांगायचं ठरलं होतं. ती म्हणाली, "गळू असं असतंय व्हय?" आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला कळलं होतं, दादा. आपण तिचं आजारपण आपसात वाटून घेतलं आणि तिच्या वाट्याला काहीच ठेवलं नाही. तू तेव्हा पंचविशीचा होतास, धावपळ सगळी तुझी, तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. पण त्या संध्याकाळी डॉक्टर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या, मला विचारलं, माझंच मला विचारलं, तेव्हा मी ठरवलं की आपल्या घरातल्या एका तरी बाईने दाराच्या आत बसून स्वतः उत्तर द्यायचं.

म्हणून तुझ्या अर्जाचं. पीडित हा शब्द खोड. मी पीडित नाही. अर्ज द्यायचा तर दे, तुझा हक्क आहे. चौकशी लागली तर मला बोलावतील. मी पहिल्या गाडीने येईन, तुझ्या समोरच्या खुर्चीवर बसेन आणि सांगेन की डॉक्टरांनी माझ्या सांगण्याप्रमाणे केलं, सही माझी, डोकं ठिकाणावर होतं. साहेबांनी विचारलं, तुमचा भाऊ खोटं बोलतो का? तर म्हणेन, नाही, तो घाबरलाय. एवढं मी चारचौघांत बोलेन. तुला ते आवडणार नाही. मलाही आवडणार नाही. तरी बोलेन.

मलाही भीती वाटते. जराशी चक्कर आली की वाटते. पुढे वाढली तर? तर मी पुन्हा त्याच बाईंकडे जाईन, पुन्हा विचारेन, पुन्हा मीच ठरवेन. कदाचित तेव्हाचं ठरवणं चुकेल. चुकलं तर ते माझं चुकलेलं असेल. आईला चुकायलासुद्धा मिळालं नाही.

पुढचा एमआरआय उन्हाळ्याच्या आधी आहे. तू आलास तर मला बरं वाटेल, खोटं कशाला बोलू. पाकीट मी फोडेन. नाही आलास तरी मी जाणार आहे. आणि भीती वाटली तर इकडे निघून ये, माझ्याजवळ बसून घाबर. सरकारी कागदावर घाबरू नकोस.

वहिनींना जयभीम, सुगतला आशीर्वाद.

तुझीच, पण तुझ्या ताब्यात नसलेली,
लुंबिनी